हादग्याची भाजी आणि उंदराची भीती

आम्ही घोडेगाव भागातल्या बाया. हिरडा वेचणाऱ्या आपल्या भागात झाडपाल्याची ओळख कुणाला शिकवावी लागत नाही. म्हणूनच छातीत धडधडतं, झोप येत नाही, असं कुणी म्हटलं की आपण लगेच सांगतो, ‘अमका पाला घे, झाडाचंच आहे, अपाय नाही.’ आज या बोलण्याची पारख करू.

पाल्यानं भीती कमी होते का, हे प्रयोगशाळेत उंदरांवर पाहतात. जमिनीपासून साधारण हातभर उंचीवर अधिकच्या चिन्हासारखी फळी असते. तिच्या दोन बाजूंना भिंती, दोन बाजू उघड्या. भ्यालेला उंदीर भिंतीच्या आडोशाला बसतो. भीती ओसरली की उघड्यावर जास्त फिरतो. पाच मिनिटं हे मोजतात आणि औषध न दिलेल्या उंदरांशी तुलना करतात.

नाशिकला पंचवटीतल्या फार्मसी कॉलेजातल्या कस्तुरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हादग्याच्या पानांतला एक अंश वेगळा काढून असाच तपासला. तो दिलेले उंदीर उघड्या फळीवर जास्त राहिले. हे २००२ साली छापून आलं. पण त्याआधी, २००० साली, त्यांनीच शिरीषाची पानं, जास्वंदीची फुलं आणि पळसाच्या पाकळ्यांबद्दल लिहिलं होतं. त्यांतल्या अंशांनी प्राण्यांच्या फिटला आळा बसला, पण भीती मात्र वाढली!

चारही झाडं आपल्या ओळखीची. कुठलं भीती घालवील आणि कुठलं वाढवील, हे नुसतं बघून कळलं असतं का?

शिवाय हे सगळं उंदरांवरचं. माणसाला किती द्यायचं, ते यातून ठरत नाही. तो अंश म्हणजे आपली भाजीही नव्हे. हादग्याची भाजी खुशाल खा, पण जेवण म्हणून.

घरात कुणाला फिटची किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू असेल, तर पाल्याच्या भरवशावर ती बंद करू नका. फिटची गोळी एकदम थांबली तर फिट पुन्हा जोरात येऊ शकते. पाला घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा.

काळजी दिवसेंदिवस सुटत नसेल, तर घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. नाहीतर १४४१६ वर फोन करा. ही टेलिमानसची सरकारी सेवा आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालते.

आणि शेजारीण म्हणाली, ‘जिवाला घोर लागलाय,’ तर पाला सांगण्याआधी तिला विचारा, ‘कसला गं?’