परत येणें आणि परत जाणें

इंग्रजी भाषेंतील मोठ्या शब्दांपेक्षां लहान शब्दच शिकणाऱ्यास अधिक छळतात. 'कम' म्हणजे येणें, 'गो' म्हणजे जाणें आणि 'बॅक' म्हणजे मागें, हें पहिल्या पुस्तकांतच कळतें. परंतु 'कम बॅक' व 'गो बॅक' यांपैकीं कोणतें केव्हां योजावें, हें ठरवितांना चांगला जाणताही अडखळतो.

पोलादपूरच्याच माणसाचें उदाहरण घ्यावें. सावित्रीच्या खोऱ्यांतील या गांवाहून एक रस्ता आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरास जातो, दुसरा कशेडी ओलांडून खेडकडे उतरतो आणि तिसरा महाडवरून मुंबईस पोहोंचतो. या तिसऱ्या वाटेनें पिढ्यान्‌पिढ्या माणसें पोटासाठीं गेलीं व शिमग्यास, गणपतीस गांवीं येत राहिलीं. त्यांतील एखाद्यानें रजेचा अर्ज इंग्रजींत लिहावयास घेतला आहे, असें समजावें. शिमग्याकरितां आपण गांवीं जाणार आणि सोमवारीं कामावर हजर होणार, एवढेंच त्यास कळवावयाचें आहे. अर्ज वाचणारा साहेब मुंबईंत. म्हणून गांवीं जाणें तें 'गो बॅक' आणि कामावर येणें तें 'कम बॅक'. हाच मजकूर त्यानें गांवच्या इंग्रजी जाणणाऱ्या भावास लिहिला, तर दोन्ही क्रियापदें जागा बदलतील. बोलणारा किंवा ऐकणारा जेथें असेल तेथें येणें, इतरत्र जाणें; मराठीची रीतही बहुतेक अशीच आहे.

'बॅक' हा शब्द मात्र दुसरीच गोष्ट सांगतो. माणूस पूर्वीं जेथें होता, तें ठिकाण तो दाखवितो. मुंबई आणि पोलादपूर, दोन्हीकडे हा मनुष्य पूर्वीं राहिलेला. म्हणून दोन्हीकडे 'बॅक' लागतो, आणि त्यांतलें घर कोणतें याविषयीं इंग्रजी क्रियापद मौन धरतें. मुंबईंत जन्मलेला व गांव कधींच न पाहिलेला त्याचा मुलगा पोलादपुरास प्रथम निघाला, तर व्याकरणाप्रमाणें त्यास नुसतें 'गो' पुरे. गांवचा आजोबा मात्र नातवाच्या वाट्याचा 'बॅक' सहसा सोडणार नाहीं, आणि त्याला व्याकरण शिकविण्याचें धाडस कोणीं करूं नये.

मराठी 'परत' या शब्दांत दोन अर्थ एकत्र नांदतात. 'तो परत आला' म्हणजे तो माघारी आला, किंवा तो पुन्हां एकदां आला. 'परत सांग' यांत तर माघारीं येण्याचा संबंधच नाहीं. इंग्रजींत हे अर्थ वेगळे पडतात. निरोप घेणाऱ्या पाहुण्यास 'कम अगेन' म्हणावें. मुंबईस निघालेल्या लेकास आई म्हणेल तें 'कम बॅक'. या एका शब्दाच्या चुकीनें लेकाचा पाहुणा होतो. मराठी माणूस तर निघतांना 'जातो' असें म्हणतच नाहीं, 'येतो' म्हणतो. त्या 'येतो'चें इंग्रजी करतांना 'बॅक' विसरला, तर निरोपाऐवजीं आगमनच जाहीर होईल.

क्रियापद एकदां रुळलें कीं त्याला शाखा फुटतात. विसरलेली गोष्ट आठवली, तर ती इंग्रजाकडे 'कम बॅक' होते. दिलेला शब्द फिरविणें म्हणजे 'गो बॅक ऑन'. तेथें 'ऑन' गाळला तर अर्थच गळतो.

साध्या 'गो बॅक'चें सामर्थ्य मुंबईनें ३ फेब्रुवारी १९२८ रोजीं ऐकलें. सायमन कमिशन त्या दिवशीं बंदरावर उतरलें. त्याच्या सात सभासदांत एकही हिंदुस्थानी नव्हता. 'सायमन, गो बॅक' ही घोषणा युसुफ मेहेरअली यांची मानली जाते. 'गो अवे' म्हटलें असतें, तर केवळ दूर हो एवढाच अर्थ निघाला असता. 'बॅक' या शब्दानें पाहुण्यास त्याचा स्वतःचा मुलूख दाखविला. इंग्रजी न जाणणाऱ्यांसही तो समजला.

पोलादपूर तालुक्यांतच उमरठ आहे. तेथें तानाजी मालुसरे यांची समाधि आहे. १६७० मध्यें कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर मावळे माघारी वळूं लागले, तेव्हां सूर्याजीनें दोर कापल्याचें सांगून त्यांना थोपविलें, अशी कथा आहे. 'परतीचे दोर कापणें' हा आपला वाक्प्रचार त्या कथेचीच आठवण देतो. इंग्रज अशा वेळीं 'देअर इज नो गोइंग बॅक' म्हणेल. अर्थ तोच, पण दोर दिसत नाहीं. पुढें तानाजींचा देह सह्याद्रि उतरून उमरठास आणला, असें परंपरा सांगते. ज्या घाटानें आणला, त्यास मढे घाट म्हणतात. तेथें 'कम बॅक' चालत नाहीं. इंग्रजींत 'ब्रिंग बॅक' म्हणावें लागतें.