बी.ए.चं अर्थशास्त्र आणि आपली मजुरी

(स्वारगेट इथं तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



विषय ऐकून काहींनी तोंड वाकडं केलं, ते मला दिसलं. मोर्चा नाही, कविता नाही, आणि म्हणे अर्थशास्त्र! पण इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांचा बी.ए.ला हाच विषय आहे. का घेतला विचारलं तर एकजण म्हणतो, एमपीएससीला कामाला येतो. दुसरा म्हणतो, मराठीतून पेपर लिहिता येतो. तिसरा म्हणतो, मित्रानं घेतला म्हणून घेतला. ठीक आहे. घेतलाय ना? मग काय शिकलात ते आज तपासू.

किंमत वाढली की मागणी घटते, हे शिकलात. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकलात. त्यातला माणूस संत्री खात बसलेला असतो. पहिल्या संत्र्याला फार समाधान, पाचव्याला कंटाळा. ज्याच्या घरात पहिलंच संत्रं आजारपणात येतं त्यानं हा सिद्धान्त आकृतीसह स्पष्ट करायचा. करतो बिचारा. दहापैकी सात मार्क मिळतात.

मग पूर्ण स्पर्धा. वैशिष्ट्यं पाठ आहेत ना? असंख्य ग्राहक, असंख्य विक्रेते, एकजिनसी वस्तू, मुक्त प्रवेश. मुक्त प्रवेश! ज्यांना तळ्याच्या पाण्यापर्यंत जायला १९२७ साली महाडचा सत्याग्रह करावा लागला, त्यांची नातवंडं-पतवंडं हे वैशिष्ट्य क्रमांक चार म्हणून घोकतात. वर्गात कुणाला हसू येत नाही, कुणाला राग येत नाही. सर पुढचा मुद्दा लिहून देतात.

माझं म्हणणं असं, की या शिक्षणात खोटं फारसं शिकवत नाहीत. अर्धं शिकवतात. आणि जे अर्धं गाळतात ते नेमकं आपलं असतं. उगाच शिवी द्यायची म्हणून बोलत नाही. एकच धडा घेऊन दाखवतो. मजुरीचा धडा.

अॅडम स्मिथ. अर्थशास्त्राचा जनक, म्हणून टीप येते. १७७६ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात तो सांगतो, वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी मजुरी का मिळते. काम कष्टाचं असेल, घाण असेल, लोक त्याला नावं ठेवत असतील, तर त्या कामाला माणूस सुखासुखी येणार नाही. मग त्याला जास्त पैसे मोजावे लागतील. घाणीची भरपाई मजुरीत होते. तर्क सरळ आहे.

आता पुस्तक मिटा आणि जेधे चौकात येऊन उभे राहा. खाली भुयारात मेट्रो आहे. २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली. गुळगुळीत फरशी, सरकते जिने. वर एसटीचा स्टँड. त्याच्या पलीकडं गुलटेकडीचा मार्केट यार्ड. फरशी पुसणारी बाई कोण? स्टँडवरचा संडास धुणारा कोण? तुंबलेल्या चेंबरमध्ये वाकणारा कोण? पहाटे सोसायट्यांच्या दारातला ओला-सुका कचरा हातानं वेगळा करणारी कोण? सगळ्यांत घाण, सगळ्यांत धोक्याचं काम. स्मिथच्या तर्कानं या माणसांचा पगार बँकेच्या मॅनेजरपेक्षा जास्त पाहिजे. आहे का? घाण जितकी जास्त तितकी मजुरी कमी, हा आपल्या देशाचा नियम आहे. कुठल्या प्रकरणात आहे तो नियम?

गंमत अशी की स्मिथला तो माहीत होता. आपला सिद्धान्त कुठं लागू होईल तेही त्यानंच लिहून ठेवलं: जिथं माणसाला आपला धंदा निवडायची आणि बदलायची पूर्ण मोकळीक आहे तिथं. आणि त्याच पुस्तकाच्या पहिल्या खंडात, सातव्या प्रकरणात तो हिंदुस्थानचं नाव घेतो. तो म्हणतो, जिथं बापाचाच धंदा पोरानं करायचा अशी धर्माची सक्ती असते आणि धंदा बदलणं हे महापाप ठरतं, तिथंच मजुरी पिढ्यान् पिढ्या तिच्या स्वाभाविक पातळीखाली दाबून ठेवता येते. अडीचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये बसलेल्या माणसाला हे कळलं होतं. पुण्याच्या गाईडमध्ये स्मिथची टाचणी येते, टाचणीच्या कारखान्यातलं श्रमविभाजन येतं. हे सातवं प्रकरण गाळून टाकलं. कुणी गाळलं? कशासाठी? विचारा ना वर्गात.

श्रमविभाजनाचं नाव निघालंच आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातीचा उच्छेद' लिहिताना याच टाचणीवर घाव घातला. जात म्हणजे कामाची वाटणी, असं तिचे वकील सांगत. बाबासाहेबांनी दाखवून दिलं, की ही काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि तीही एकाच्या डोक्यावर दुसरा अशी. जन्माच्या आधी ठरलेली. धंदा बदलू देत नाही म्हणून बेकारी वाढवणारी. हा मुद्दा अर्थशास्त्राचा आहे. पण आपल्याकडं तो राज्यशास्त्रात किंवा समाजशास्त्रात शिकवतात, आणि अर्थशास्त्राचा वर्ग सोवळ्यात राहतो.

बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ, हे आपल्यालाही जयंतीच्या फलकापुरतंच माहीत असतं. १९१५ साली कोलंबियात त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर. १९१८ साली मुंबईत सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ साली लंडनमध्ये 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ छापून आला. त्याच प्रबंधावर डी.एस्सी. मिळाली. १९२५ साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ आला. त्याच वर्षी हिल्टन यंग आयोगापुढं चलनावर साक्ष दिली.

'रुपयाचा प्रश्न' मध्ये आहे काय? नाव ऐकून घाबरू नका. त्या काळी व्यापारी आणि निर्यातदार म्हणत होते, रुपया स्वस्त ठेवा, त्यानं देशाचा फायदा होतो. बाबासाहेबांनी विचारलं, देशाचा म्हणजे कुणाचा? रुपया स्वस्त झाला की वस्तूंचे भाव चढतात. भाव पुढं पळतात, मजुरी मागून लंगडत येते. मधल्या अंतरात जो नफा होतो तो परदेशातून येत नाही. तो इथल्याच मजुराच्या ताटातून उचललेला असतो. एका वर्गाचं नुकसान हाच दुसऱ्या वर्गाचा नफा. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. आजही टीव्हीवर कुणी 'देशाचा फायदा' म्हणालं की हाच प्रश्न विचारायचा असतो. तो विचारायला शिकवतं त्याला अर्थशास्त्र म्हणायचं.

१९१८ चा त्यांचा लेख घ्या, लहान शेतीवरचा. सगळे म्हणत होते, जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, तुकडे जोडा. बाबासाहेब म्हणाले, खरा रोग वेगळा आहे. जमिनीवर रिकामे हात फार आहेत. ते राबताना दिसतात, पण त्यांनी उत्पन्न वाढत नाही. त्यांना कारखान्यात काम द्या, शेतीही सुधारेल. पुढं १९५४ साली आर्थर लुईसनं जादा मजुरांवरचा सिद्धान्त मांडला आणि तो जगभरच्या अभ्यासक्रमात गेला. लुईस वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुशिया बेटावरचा काळा माणूस. बाबासाहेबांच्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकला. १९७९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारा पहिला काळा माणूस तोच. आपल्या पुस्तकात लुईस दिसला तर त्याच्याशेजारी १९१८ चा हा लेख ठेवून वाचा. गावकुसाबाहेरच्या आणि वेस्ट इंडीजच्या मळ्यातल्या पोरांना रिकाम्या हातांचा हिशेब आधी दिसला, यात नवल काय?

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. आता बाजार जात बघत नाही, गुण बघतो. बरं. सुखदेव थोरात हे आपल्या विदर्भातले अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी आणि पॉल अटवेल यांनी २००५-०६ मध्ये एक साधा प्रयोग केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अर्ज सारखा, फक्त नाव वेगळं. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. २००७ साली निष्कर्ष छापले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांश. मुसलमान नावाला तर एक-तृतीयांश. मुलाखत नाही, चेहरा नाही, भाषा नाही. नुसतं आडनाव. आता सांगा, एकजिनसी वस्तू म्हणजे काय?

इथं आपल्यातलेच काही जहाल मित्र उठतात आणि म्हणतात, मग हे शास्त्रच भटाभांडवलदारांचं आहे, जाळून टाका. मी म्हणतो, खबरदार. मनुस्मृती जाळली ती वाचून जाळली. हे तर जाळायचंही नाही. याच भाषेत तुमच्या आयुष्याचे निर्णय लिहिले जातात. ज्याला ही भाषा येत नाही त्याच्यावर निर्णय होतो, त्याला विचारून होत नाही.

एक उदाहरण देतो, तुमच्या खिशातलं. पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती. १९४४ पासूनची योजना. केंद्राच्या योजनेत अनुसूचित जातींसाठी उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख झाली. २०२१ साली नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. आकडा तोच, अडीच लाख. मधल्या आठ वर्षांत तेल, गॅस, घरभाडं, एसटीचं तिकीट कुठं गेलं? म्हणजे कुणी आदेश काढला नाही, कुणी भाषण केलं नाही, तरी दरवर्षी काही घरं यादीच्या बाहेर ढकलली गेली. बाप तेवढाच गरीब, कागदावर श्रीमंत. पैशातलं उत्पन्न आणि वास्तव उत्पन्न यांतला फरक तुम्ही पाच मार्कांसाठी लिहिता ना? तो फरक हाच. मार्क घेतले, पण आपली शिष्यवृत्ती त्या फरकात गेली हे कळलं नाही, तर कसली डिग्री?

अर्थसंकल्पाचंही तेच. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी बाजूला काढायचा, ही पद्धत १९७९-८० मध्ये विशेष घटक योजना म्हणून आली. दरवर्षी पेपरात तरतुदीचा आकडा येतो, नेते हारतुरे घेतात. पण तरतूद वेगळी, सुधारित अंदाज वेगळा आणि प्रत्यक्ष खर्च वेगळा. हे तीन रकाने शेजारी-शेजारी लावता येणं म्हणजे अर्थशास्त्र. घोषणा तर कुणालाही देता येते.

आणि मजुरी वक्ररेषेनं ठरते, हे परीक्षेत लिहा, पण गुलटेकडीच्या हमालाला सांगू नका. तो हसेल. पुण्यात बाबा आढावांनी हमालांना संघटित केलं. राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला. कचरावेचक बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढं त्यातूनच त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. मागणी तीच होती, पुरवठा तोच होता. मधे संघटना उभी राहिली आणि भाव बदलला.

जिथं संघटना पोचली नाही तिथलं बघा. हातानं मैला साफ करायला लावू नये म्हणून १९९३ साली कायदा झाला. पुन्हा २०१३ साली झाला. गटारात माणसं मरतच राहिली. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली वारसांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली तीस लाख म्हटलं. मेल्यावर माणसाची किंमत वाढली. जिवंतपणीची मजुरी मात्र ठेकेदार ठरवतो.

तेव्हा आता कामाचं बोलू. पेपर सोडायचा नाही. पेपरात त्यांना पाहिजे ते उत्तर लिहा, चांगले मार्क घ्या, पुढं एम.ए. करा, पीएच.डी. करा. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये दांडेकर आणि रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' लिहिलं, १९७१ साली. गावात माणशी वर्षाला १८० रुपये, शहरात २७०, १९६०-६१ च्या भावानं, अशी रेषा ओढली. ती ओढणारे इथलेच, पुण्यातले. पण त्या रेषेखाली जगणाऱ्यांपैकी रेषा ओढायला कोण होतं? पुढची रेषा ओढायच्या टेबलावर आपण पाहिजे.

पण त्याबरोबर एक दुसरी वही करा. प्रत्येक धड्याचं दुसरं उत्तर त्या वहीत. मजुरीचा धडा झाला की वस्तीतल्या दहा घरांत जा. काय काम, किती तास, ठेकेदार कोण, हातात किती पडतात, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, आणि आजोबा काय काम करत होते, हे लिहा. शेवटचा प्रश्न विसरू नका. भावाचा धडा झाला की तेल-तांदळाचे भाव महिन्याच्या महिन्याला टिपा. सहा महिन्यांनी वह्या एकत्र करू. नाव कुणाचं छापायचं नाही, आकडे छापू. इथंच, याच पानांवर.

इथून चालत गेलं तर पंधरा-वीस मिनिटांवर गंज पेठेत जोतिबांचा वाडा आहे. त्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला विचारलं होतं: शेतकऱ्याच्या घामाचा सारा गोळा करता, आणि खर्च करता वरच्यांच्या पोरांच्या उच्च शिक्षणावर, हा कुठला न्याय? पैसा कुणाकडून आला आणि कुणाकडं गेला. जोतिबांना कुठल्या कॉलेजनं अर्थशास्त्राची डिग्री दिली नव्हती. तुम्हाला मिळणार आहे.

पुढच्या रविवारी वही घेऊन या. रिकाम्या हातानं येऊ नका.

जय भीम.