हापशाआधी पाण्याचा पत्ता
(तेरखेडा येथील बैठकीतलं बोलणं)

दादांनो, बायांनो, आपल्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात अन् खडकाच्या भेगांत. म्हणून एका बोअरला पाणी लागतं, तिथून पन्नास पावलांवर नुसता फुफाटा उडतो. नारळ हातावर धरून हे कळत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून त्यासाठीच आहे. तिचा माणूस गावठाणात जागा दाखवून परत जाऊ नये, पारधी पिढीवरही यावा, असा अर्ज द्या.

तोवर आपण मोजू. दिवाळीला अन् आखितीला आडात दोरी सोडायची, पाणी किती हातांवर लागलं ते वहीत लिहायचं. मग ‘इथं पाणी भरपूर’ असं कुणी बसल्या जागी लिहिलं, तर वही पुढं ठेवता येते.

गोड लागलं म्हणजे पाणी चांगलं, असंही नाही. उकिरडा, संडास जवळ असला की नायट्रेट उतरतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं, अन् त्यात वरचं दूध कालवून तान्ह्याला पाजलं, तर अंग निळं पडू शकतं. उकळून ते जात नाही. बाटली तपासायला द्या, अहवालाची नक्कल मागा.

वनगावांना सांगतात, जमीन जंगलाची, हापसा बसत नाही. खोटं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पिण्याच्या पाण्यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते. तेवढा ठराव या महिन्यात घ्या.