‘ही कोण बाई?’

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या वर्गासाठी मी सुचवलेला विषय काहीजणींना चमत्कारिक वाटला. कादंबरी-नाटकातल्या पात्रांना एके दिवशी कळतं की आपलं जगणं-मरणं लेखकाच्या मर्जीवर आहे. मग ती काय करतात? पोटगीचे अर्ज, पोलीस ठाण्याच्या खेपा, मुलांच्या ताब्याचे वाद या आपल्या रोजच्या धबडग्यात हा विषय कुठे बसतो, असं एकीने विचारलंसुद्धा. मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. एम. एस. डब्ल्यू. झाले आणि तेव्हापासून समुपदेशन केंद्रात काम करते. पण माझा निम्मा दिवस बायकांचं बोलणं ऐकण्यात जातो आणि उरलेला निम्मा ते लिहून काढण्यात. म्हणून तर ही पुस्तकं मला आपल्या कामाची वाटली. आधी गोष्टी सांगते, मग कामाकडे येऊ.

पहिली गोष्ट स्पेनमधली. मिगेल दे उनामुनो यांची ‘निएब्ला’, म्हणजे ‘धुकं’, ही कादंबरी १९१४ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक ऑगुस्तो पेरेस. खाऊनपिऊन सुखी, कामधंदा काही नाही. एउखेनिया नावाची मुलगी रस्त्यात दिसते आणि हा तिच्या मागे लागतो. संगीताची मुळीच आवड नसताना ती पियानोच्या शिकवण्या करते, कारण वडिलांनी मागे ठेवलेलं घर गहाण आहे. ऑगुस्तो ते गहाण परस्पर सोडवतो. हा मला विकत घ्यायला निघालाय का, म्हणून ती संतापते. पुढे लग्नाला होकार देते आणि ऐन वेळी आपल्या प्रियकराबरोबर निघून जाते.

ऑगुस्तो खचतो आणि जीव द्यायचं ठरवतो. त्याआधी तो सालामांका गावी जाऊन खुद्द उनामुनोंना भेटतो. लेखक त्याला सांगतो, तुला जीव देता येणार नाही, कारण तुला जीवच नाही; तू माझ्या कल्पनेतला आहेस. दोघांची जुंपते. ऑगुस्तो उलट बोलतो, तेव्हा लेखक चिडून म्हणतो की आता मीच तुला मारणार. मरायला निघालेला माणूस मग जगण्यासाठी गयावया करू लागतो. लेखक बधत नाही. अखेर ऑगुस्तो त्याला सुनावतो की एक दिवस तुम्हीही मराल आणि हे वाचणारेही मरतील. मग घरी येतो आणि मरतो.

या प्रसंगाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. वाचताना मला मात्र दोन गोष्टी खटकत राहिल्या. आपण कुणाच्या हातचं खेळणं आहोत म्हणून टाहो फोडणारा हाच ऑगुस्तो आधी बायकांच्या मनावर प्रयोग करायला निघालेला असतो. एउखेनिया आणि इस्त्रीचे कपडे घरी आणून देणारी रोसारिओ या त्याच्या प्रयोगाचं साहित्य! प्रयोगशाळेत बेडूक असतो तसं. शेवटी बेडूक आपणच झालो, हे त्याला कळतं. दुसरी गोष्ट अशी की लेखकाला जाब विचारायला सालामांकाला जातो तो ऑगुस्तोच. रोसारिओ जात नाही. तिच्याशी त्याने लाडीगोडी केली, आशा लावली आणि मग हात आखडता घेतला. तिलाही लेखकाला दोन प्रश्न विचारायचे असतील. पण गाडीभाडं, सवड आणि आत कुणी घेईल ही खात्री, यांतलं तिच्याकडे काय होतं? आपलं आयुष्य दुसराच कुणी ठरवतोय हे कळणं वेगळं आणि ते सांगायला साहेबाच्या टेबलापर्यंत पोचणं वेगळं. हा फरक आपल्याला रोज दिसतो.

दुसरी गोष्ट इटलीतली. लुईजी पिरांदेल्लो यांचं ‘लेखकाच्या शोधात सहा पात्रं’ हे नाटक मे १९२१ मध्ये रोमच्या तेआत्रो वाल्ले या नाट्यगृहात पहिल्यांदा झालं. ‘हे काय वेड्यांचं इस्पितळ आहे का’ अशा अर्थाचा आरडाओरडा करून प्रेक्षकांनी तेव्हा गोंधळ घातला होता. एका नाटक मंडळीची तालीम चालू असताना बाप, आई, सावत्र मुलगी, मुलगा आणि दोन लहान मुलं असं एक कुटुंब रंगमंचावर येऊन उभं राहतं. लेखकाने त्यांना मनात जन्म दिला आणि नाटक न लिहिताच सोडून दिलं. ती दिग्दर्शकाला म्हणतात, आमचं नाटक तुम्ही करा.

त्यांची हकिगत अशी. बापाने बायकोला आपल्याच कारकुनाबरोबर संसार थाटायला लावून घराबाहेर काढलेलं असतं. तिला त्या माणसापासून तीन मुलं होतात. तो मरतो, घरात दारिद्र्य येतं. आई एका दुकानासाठी शिवणकाम करते. दुकानाची मालकीण शिवण वाईट झाली म्हणून पैसे कापते आणि ती भरपाई मुलीच्या शरीरातून वसूल करते. एके दिवशी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत गिऱ्हाईक म्हणून येतो तो हाच बाप. तेवढ्यात आई किंचाळत आत शिरते.

आता पुढे काय होतं पाहा. दिग्दर्शक हा प्रसंग नटनट्यांकडून करून घेऊ लागतो. नटी सावत्र मुलीची भूमिका करते, ते बघून मुलीला हसू फुटतं. यात मी कुठेच नाही, असं तिला वाटतं. बाप नेमकं काय बोलला ते ती सांगते, तर दिग्दर्शक म्हणतो, हे रंगभूमीवर चालायचं नाही. खरं असलं तरी एका मर्यादेपर्यंतच. ती भडकते. तिची शिसारी गाळून तिथे एक हळवा प्रेमप्रसंग बसवायचा घाट आहे, हे तिने बरोबर ओळखलेलं असतं. आईचं म्हणणं आणखी वेगळं. तिला हे दाखवायलाच नको आहे. इतरांच्या दृष्टीने ते होऊन गेलेलं आहे. तिच्या दृष्टीने ते आत्ता चाललेलं आहे, प्रत्येक वेळी नव्याने. आणि ती दोन लहान मुलं नाटकभर एक शब्दही बोलत नाहीत. शेवटी मुलगी हौदात बुडते आणि मुलगा स्वतःवर गोळी झाडतो.

यातल्या कुणाची ओळख तुम्हाला करून द्यायला हवी का? जबाब देताना ‘हे शब्द असे नका लिहू, तो असं बोलला’ म्हणून हट्ट धरणारी मुलगी आपण पाहिलेली आहे. ठाण्यात, दवाखान्यात, वकिलाकडे आणि कोर्टात तेच ते चौथ्यांदा सांगताना थरथरणारी आई पाहिलेली आहे. आणि दोघांच्या भांडणात कोपऱ्यात बसलेली, कुणीच काही न विचारलेली मुलं तर जवळजवळ प्रत्येक घरात असतात.

एक अनुभव सांगते. भाजीची गाडी लावणारी एक बाई केंद्रात आली. कोर्टाबाहेर टाईप करून देणाऱ्याकडून तिने पोटगीचा अर्ज लिहून घेतला होता. त्याचे पैसे मोजले होते, अंगठा उठवला होता. आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. मी अर्ज मोठ्याने वाचू लागले. ‘अर्जदार ही अशिक्षित, अबला, निराधार स्त्री असून तिला उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही.’ ती शांतपणे ऐकत होती. मधेच तिने विचारलं, ‘ताई, ही कोण बाई?’

मी म्हटलं, तुम्हीच. ती म्हणाली, ‘मी कशी? पहाटे चारला मार्केटला जाते. चार माणसं माझ्या जिवावर जेवतात. तो मारतो हे खरं, पैसे देत नाही हेही खरं. पण ही रडणारी बाई मी नाही.’

अर्ज लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. बाई जितकी दीनवाणी तितकी कोर्टाला दया येईल, हा त्याचा हिशोब. पण परिणाम बघा. उलटतपासणीत समोरचा वकील भाजीच्या गाडीचा फोटो पुढे करणार आणि ‘साधन नाही’ असं लिहून देणारी बाई खोटारडी ठरणार. मग मारहाणीबद्दल ती जे खरं सांगते आहे, त्यावर तरी कोण विश्वास ठेवणार? थोडंफार कमावणाऱ्या बाईला पोटगी मागताच येत नाही, असं मुळीच नाही. तेव्हा खरं लिहिल्याने तिचं काही बिघडणार नव्हतं. दुसऱ्याने तिच्यासाठी रचलेल्या अबलेमुळेच ती अडचणीत येणार होती. आम्ही तो अर्ज वकिलांकरवी नव्याने लिहून घेतला. तिने तो दोनदा वाचून घेतला, एक वाक्य काढायला लावलं आणि मगच अंगठा दिला.

तुम्ही म्हणाल, पात्रं कागदावरची असतात, बायका हाडामांसाच्या. बरोबर आहे, आणि सगळा फरक तिथेच आहे. ऑगुस्तोला सत्य कळलं, तो वाद घालून आला आणि तरी मेला. कारण लेखणी त्याच्या हाती येणं शक्यच नव्हतं. आपल्या बाईच्या हाती ती येऊ शकते. मात्र तिच्या बाजूला कुणीतरी उभं राहावं लागतं. म्हणून आता तिसरी गोष्ट.

नॉर्वेच्या योस्टाइन गॉर्डर यांची ‘सोफीचं जग’ ही कादंबरी १९९१ सालची. लोक ती तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारं पुस्तक म्हणून वाचतात. चौदा वर्षांची सोफी आणि तिचे शिक्षक अल्बर्टो यांना हळूहळू उमगतं की आपण एका पुस्तकातली पात्रं आहोत. लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामावर असलेला एक मेजर आपल्या हिल्डे नावाच्या मुलीला पंधराव्या वाढदिवसाची भेट म्हणून ते लिहितो आहे. तो या दोघांना हवं तसं नाचवतो, वर स्वतःची शेखीही मिरवतो. दोघं पळून जायचा बेत करतात, तोही त्याचं लक्ष दुसरीकडे असताना. सासूची नजर चुकवून माहेरी पत्र टाकणाऱ्या सुनेला ही युक्ती कुणी शिकवावी लागली नसती!

पण मला महत्त्वाची वाटते ती हिल्डे. ती वाचक आहे. भेट तिला मिळाली आहे, लिहिणारा तिचा लाडका बाप आहे. तरीही वाचता वाचता तिला सोफीची बाजू पटते. बाप परतीच्या वाटेवर कोपनहेगनच्या विमानतळावर असताना ठिकठिकाणी आपल्या चिठ्ठ्या त्याच्या हाती पडतील, अशी व्यवस्था ती करते. इकडे जा, हे विकत घे. कुणीतरी आपल्याला दुरून हलवतंय, हे कसं वाटतं ते त्याला कळावं म्हणून! सोफी आणि अल्बर्टो निसटतात खरे, पण बाहेरच्या जगातल्या माणसांना ती दिसत नाहीत. सुटका झाली तरी दिसणं, ऐकलं जाणं उरतंच.

आपल्याकडेही अशी वाचक होऊन गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून उठलेल्या गदारोळाने संतापून. त्यात त्यांनी त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतून बायका कशा रंगवल्या जातात, याचाही समाचार घेतला. पुस्तकातल्या बायकांना बोलता येत नव्हतं. त्यांच्या वतीने ताराबाईंनी लिहिणाऱ्यांना जाब विचारला.

आता आपल्या कामाकडे. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला केसची नोंद तटस्थपणे लिहायला शिकवतात. ते आवश्यकच आहे. पण ‘ती भावनिकदृष्ट्या अस्थिर वाटली’ हे वाक्य तटस्थ दिसलं तरी ते लिहिणारीचं मत असतं, आणि ते फाईलमध्ये वर्षानुवर्षं राहतं. त्याऐवजी ‘बोलताना ती तीनदा थांबली, रडली’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला आपापलं ठरवता येतं.

शिवाय कायदाही काही बाबतीत तिच्या बाजूने आहे. पोलिसांत दखलपात्र गुन्ह्याची तोंडी खबर दिली तर ती लिहून घेऊन तिला वाचून दाखवायची, त्यावर तिची सही घ्यायची आणि प्रत विनामूल्य द्यायची, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही ते आहे. बायकांना हे माहीत नसतं आणि ठाण्यात घाई असते. आपण सोबत गेलो तर एवढंच म्हणायचं, ‘साहेब, तिला वाचून दाखवा.’ २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सेवा देणाऱ्या संस्थेने घटनेचा अहवाल नोंदवायचा तो त्या बाईची इच्छा असेल तर, असं म्हटलेलं आहे. तिची इच्छा विचारणं हा उपचार समजू नका. काय लिहायचं, काय तूर्त लिहायचं नाही, हे तिने ठरवायचं आहे. फक्त एखादी गोष्ट गाळली तर पुढे काय होऊ शकतं, ते आपण तिला आधी समजावून सांगायला हवं.

फार बोलले. चहानंतर आपण दोघी-दोघी बसू. एकीने स्वतःच्या घरातला एखादा छोटा प्रसंग सांगायचा, दुसरीने तो दहा ओळींत लिहायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. मग सांगणारीने दुरुस्त्या सुचवायच्या. लिहिणारीने वाद न घालता त्या करायच्या आणि पुन्हा वाचायचं. किती वेळा खोडावं लागतं, ते मोजून ठेवा. त्यावरच पुढची चर्चा करू.