रीत आणि विवेक



‘अल्गोरिदम’ हा शब्द अलीकडे घरोघर ऐकूं येतो. अमुक बातमी आपल्यापुढें कां आली, तमुक जाहिरात कां दिसली, असें विचारलें कीं तरुण मंडळी ‘अल्गोरिदममुळें’ असें उत्तर देतात आणि विचारणारा गप्प बसतो. जणूं हें एखाद्या अदृश्य दैवताचेंच नांव असावें! वस्तुतः अंकगणिताच्या पुस्तकांत उदाहरणांच्या आधीं ‘रीत’ म्हणून जो मजकूर असे, तोच हा अल्गोरिदम. दिलेल्या माहितीपासून इष्ट उत्तरापर्यंत नेणाऱ्या, निःसंदिग्ध पायऱ्यांच्या कृतीला हें नांव आहे.

नांवाचा इतिहासही मनोरंजक आहे. नवव्या शतकांत बगदाद येथें अल्-ख्वारिझ्मी नांवाचा गणिती होऊन गेला. हिंदु अंकांनीं आंकडेमोड कशी करावी, हें त्यानें एका ग्रंथांत सांगितलें. बाराव्या शतकांत त्या ग्रंथाचें लॅटिन रूपांतर झालें, आणि ग्रंथकाराच्या नांवाचा अपभ्रंशच पुढें रीतीला चिकटला. म्हणजे या परक्या शब्दाच्या मुळाशीं आपलेच दहा अंक आहेत.

आतां एक उदाहरण घेऊं. एक ओटा ९६ इंच लांब व ३६ इंच रुंद आहे. त्यावर एकाच मापाच्या चौरस फरश्या, एकही न फोडतां, बसवावयाच्या आहेत. मोठ्यांत मोठी फरशी केवढी चालेल? इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० वर्षें युक्लिडनें दिलेली रीत आजच्या भाषेंत अशी: मोठ्या संख्येस लहान संख्येनें भागावें, जी बाकी राहील तिनें पूर्वीच्या भाजकास भागावें, बाकी शून्य येईपर्यंत हेंच करावें. शेवटचा भाजक हें उत्तर. ९६ ला ३६ नें भागतां बाकी २४. ३६ ला २४ नें भागतां बाकी १२. २४ ला १२ नें भागतां बाकी शून्य. फरशी १२ इंचांची. आर्यभटाची कुट्टकाची रीतही अशाच लागोपाठच्या भागाकारांवर उभी आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ही रीत कां चालते हें न समजणाऱ्या मुलालाही बरोबर उत्तर येतें. म्हणूनच ती यंत्राकडे सोंपवितां येते. यंत्राला ओटाही ठाऊक नसतो आणि फरशीही.

चांगल्या रीतीनें श्रम किती वांचतात तेंही पाहा. वर्णानुक्रमानें लाविलेल्या हजार नांवांच्या यादींत एक नांव शोधावयाचें आहे. पहिल्यापासून वाचीत गेल्यास हजार ओळी वाचाव्या लागतील. उलट, यादीच्या मध्यावरचें नांव पाहावें, आपलें नांव त्याच्या मागें कीं पुढें हें ठरवून निम्मी यादी सोडावी, आणि उरलेल्या भागाचें पुन्हा तसेंच करावें; तर फार तर दहा वेळां पाहून काम होतें. दहा लक्ष नांवांस अवघे वीस वेळां! खिशांतल्या फोनची चपळाई पुष्कळशी अशा युक्त्यांवर अवलंबून आहे.

परंतु कोणतीही रीत आपलें साध्य स्वतः ठरवीत नाहीं. तें माणूस ठरवितो. तेथें चूक झाली तर बिनचूक आंकडेमोडीनेंही अन्याय होतो.

२०२० सालीं साथीमुळें इंग्लंडांत शाळेच्या शेवटच्या, ‘ए लेव्हल’ या परीक्षा झाल्या नाहींत. शिक्षकांनीं प्रत्येक विद्यार्थ्याच्या श्रेणीचा अंदाज दिला व वर्गांतील अनुक्रमही लावून दिला. हे अंदाज एकंदरींत पूर्वीच्या निकालांहून बरेच उदार होते, हें खरें. तेव्हां निकाल गतवर्षांशीं जुळावा म्हणून परीक्षा-नियामक संस्थेनें एक रीत योजिली. तींत त्या शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांस मोठें वजन होतें. १३ ऑगस्टला निकाल लागला, तों जवळजवळ ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाहून खालीं गेलेल्या! लहान वर्गांपुरता मात्र शिक्षकांचा अंदाज बराचसा मानला गेला, आणि असे वर्ग खाजगी शाळांत अधिक. सामान्य शाळेंतील हुषार मुलाला आपल्या आधींच्या मुलांच्या गुणांचा भार वाहावा लागला. विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि १७ ऑगस्टला ती रीत मागें घेऊन शिक्षकांचे अंदाज मान्य करावे लागले.

यंत्राच्या बेरजा-वजाबाक्या चुकल्या नव्हत्या. साऱ्या देशाचा निकाल प्रमाणांत बसविणें हें साध्य ठरलें, आणि एकेका मुलास न्याय देणें मागें पडलें. ज्यानें आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, त्याला यांतलें दुःख निराळें सांगावें लागत नाहीं. शाळेच्या नांवावरून मुलाचे गुण ठरवूं नयेत, एवढें तर कोणताही शिक्षक जाणतो.

म्हणून ‘अल्गोरिदमनें ठरविलें’ असें कोणीं म्हटल्यास गप्प बसूं नये. तीन प्रश्न विचारावे. या रीतीला कोणती माहिती पुरविली? तिनें काय साधावें असें ठरलें, आणि तें कोणीं ठरविलें? उत्तर चुकलेंसें वाटल्यास दाद कोणाकडे मागावी? पाटीवरचा हिशेब चुकला तर आपण पाटीला दोष देत नाहीं. हिशेब मांडणाऱ्याला विचारतों. यंत्राच्या बाबतींतही हीच संवय आपण आपल्या मुलांना लावूं या.