घरचा कुत्रा गुरकावतो तेव्हा

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे कुत्रा नसलेली मळ्यातली वस्ती शोधून सापडायची नाही. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला घालणारी आपण माणसं. पण तोच कुत्रा एक दिवस घरातल्या पोरावर गुरकावला, की आपण काठी उचलतो, नाहीतर त्याला पोत्यात घालून लांब हायवेला सोडून येतो. आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा जवळजवळ प्रत्येकीकडे सांगण्यासारखं काही होतं. म्हणून आज त्यावरच बोलू.

कुत्रा उगाच चावत नाही. चावण्याआधी तो सांगतो, आपलं लक्ष नसतं. अंग ताठ होतं, कान मागे जातात, शेपूट पायात जाते किंवा एकदम ताठ उभी राहते, ओठ वर चढतो आणि मग गुरगुर येते. गुरगुर म्हणजे त्याची भाषा आहे, ‘आता लांब हो’ अशी. गुरगुरला म्हणून त्याला झोडपलं तर तो गुरगुरायचं सोडतो, पण भीती आणि राग आत तसाच राहतो. मग असा कुत्रा न सांगता चावतो. म्हणून गुरगुर ऐकली की पोराला बाजूला घ्या आणि कारण शोधा.

कारण पुष्कळदा अंगातच असतं. कानात गोचिडी, कान वाहतोय, पायात काटा मोडलाय, पाठीला काठीचा मार बसलाय. तिथे हात लागला की तो उलटतो. शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर आधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. व्यालेली कुत्री पिल्लांजवळ कुणाला येऊ देत नाही, तो तिचा हक्कच आहे. कुत्रा भाकरी खात असताना त्याच्या पुढ्यातलं ताट ओढायचं नाही, हे लेकरांना चालायला लागल्यापासून शिकवायचं. कुत्रा झोपलेला असताना अंगावर पडायचं नाही, शेपूट ओढायची नाही. लहान मूल आणि कुत्रा, दोघांनाच अंगणात ठेवून रानात जाऊ नये, मग कुत्रा कितीही गरीब असो.

आता साखळीचं. छाटणीला, खुडणीला पेठ-सुरगाण्याकडची मजूर मंडळी येतात, दिवसभर अनोळखी माणसांची ये-जा. हाताच्या लांबीच्या साखळीला बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येत, ना लपता येत. त्याच्यापुढे एकच वाट उरते, अंगावर जाण्याची. दिवसभर बांधून ठेवला की कुत्रा ‘कडक’ होतो, असं पुरुषमंडळी कौतुकाने सांगतात. कडक होतो खरा, पण चोर कोण आणि शेजारची म्हातारी कोण, हे त्याला कळेनासं होतं. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यांना सांगा. मजूर असतील तेव्हा कुत्रा लांब, सावलीत, पाण्याची सोय करून ठेवावा आणि सकाळ-संध्याकाळ दोरीला धरून बांधावरून फिरवून आणावा. आपल्याकडे बिबट्याचंही भय आहे. उसातून आलेल्या बिबट्याला बांधलेला कुत्रा म्हणजे आयती शिकार. रात्री त्याला दार लागेल अशा शेडमध्ये घ्या. रात्रभर बिबट्याच्या वासाने भेदरून भुंकलेला कुत्रा सकाळी चिडका असला तर नवल नाही.

आणि चावलाच तर? घरचा असो की बाहेरचा, नुसता दात लागून ओरखडा आला असला तरी जखम नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत, साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा मोठी असतात. चुना, मिरचीपूड, हळद काही भरायचं नाही. मंत्र, उतारा यांत वेळ घालवायचा नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जायचं. रक्त आलं असेल तर ‘जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन लागेल का’ असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते तिथे नसेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवतात, कंटाळा करू नका. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आजीची भीती आता सोडा. ती जुनी लस आपल्या देशात 2005 पासून वापरत नाहीत. आता दंडावर टोचतात. पहिली लगेच, मग 3, 7 आणि 28 दिवसांनी. काही ठिकाणी 14 व्या दिवशीही. दुखायचं थांबलं म्हणून मधली तारीख चुकवायची नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली, की माणूस वाचत नाही.

चावलेला कुत्रा मारू नका, सोडूनही देऊ नका. दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवा. खाणंपिणं सोडलं, आवाज बदलला, लाळ गळू लागली, पाय ओढू लागला तर जवळ न जाता पशुवैद्यकांना कळवा. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर तसं डॉक्टरांना सांगा, पुढच्या इंजेक्शनांचं ते ठरवतील. पण त्या दहा दिवसांची वाट बघत पहिलं इंजेक्शन लांबवायचं नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या कुत्र्याला रेबीजची लस कधी टोचली ती तारीख लिहून आणावी. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, नंतर डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. ज्यांच्याकडे तारीखच नाही, त्यांची यादी करून आपण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात देऊ आणि डॉक्टरांना वस्तीवर यायची विनंती करू. यादी लिहायला वही आमच्याकडे आहे.