नवा संगणक, जुना हिशेब



विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 टाकायचं की नवा संगणकच घ्यायचा, हा प्रश्न आता मलकापुरातल्या घरांतही आहे. संगणक बाजारात मिळेल. पण दर दहा दिवसांचं दूधबिल, उसाचा हप्ता, सोसायटीचं पीककर्ज यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी गेल्या, तर त्या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

घरगुती हिशेबासाठी ग्नूकॅश नावाचं एक चांगलं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. दूधबिल आलं की त्याची एक नोंद बँकखात्यात पडते, दुसरी उत्पन्नात. तुम्ही सेव्ह केलंत की आधीच्या फाइलची तारीखवार प्रतही ते आपोआप ठेवतं. आणि माणूस निर्धास्त होतो, तो इथेच! या प्रती त्याच फोल्डरमध्ये असतात. सेटिंग बदललं नसेल, तर 30 दिवसांनी त्या पुसल्याही जातात. डिस्क फॉरमॅट झाली की मूळ फाइल आणि प्रती एकदमच जातात. म्हणून आधी प्रोग्रॅम बंद करा, मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हे बघा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज मध्येच जाते. नंतर ‘फाइल दुसरीकडे उघडी आहे’ असा इशारा आला, तर घाबरू नका. अचानक बंद पडताना एक छोटी कुलूप-फाइल मागे राहिलेली असते. हिशेब खरोखर दुसरीकडे उघडा नसेल, तर खुशाल पुढे जा.

मराठी नोंदींचं दुखणं वेगळं. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. नोंदी शाबूत असतात. तो फॉन्ट बसवा किंवा मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या.

मायक्रोसॉफ्ट मनी या हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरची विक्री तर 2009 मध्येच थांबली. अशा बंद पडलेल्या प्रोग्रॅममधला हिशेब, जुना संगणक चालतोय तोवरच, क्यूआयएफ नावाच्या प्रकारची फाइल करून बाहेर काढा. ग्नूकॅश ती वाचतं.

आणि एक कळकळीची विनंती. नव्या संगणकावरची बँकशिल्लक पासबुकाशी पैशापर्यंत जुळल्याशिवाय जुनी डिस्क कुणालाही पुसू देऊ नका.